माळ्यावरची जिप्सी

टर्बो आप्पाच्या गाडीला टर्बो नाही. कधीच नव्हता. मागच्या दारावर तशी इंग्रजी अक्षरं आहेत, पण ती मूळची एका भंगारातल्या डिझेल गाडीची. वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर उद्यमनगरात नेऊन, गोंद गरम करकरून, आप्पानं ती अलगद सोडवून आणली. कोल्हापुरात माणसाला नाव पडायला एवढं पुरतं.

मी विमा एजंट. बावीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे कागद सांभाळतोय. त्यात नाना तऱ्हेची माणसं बघितली, पण गाडी सजवणारा माणूस तो सजवणाराच. गाडीत काय काय केलंय हे तो अख्ख्या गावाला सांगत सुटतो. पानाच्या टपरीवर सांगेल, लग्नात पंगतीला सांगेल, मयताला गेला तर स्मशानाबाहेर बॉनेट उघडून दाखवेल. सांगणार नाही तो फक्त एकालाच, जो ते लिहून घेणार आहे त्याला.

आप्पा पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि अचानक अंधारून आलं. बघतो तर खिडकीत टायर. गाडी दारात उभी होती आणि तिचं चाक माझ्या खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. आप्पा आत आला, खुर्चीत बसला, चहा घेतला. मी फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, "गाडीत काही फेरफार?"

"कुठं काय? कंपनीतनं आली तशी हाय."

"आप्पा, ते टायर?"

"ते व्हय? हवा जरा जास्त झालीया."

गाडी म्हणजे जिप्सी, १२९८ सीसी, पेट्रोल, २००८ची, दुसऱ्या हातानं घेतलेली. मूळचे टायर तिच्या अंगाला शोभणारे, २०५/७०, पंधरा इंची रिमवर. आप्पानं ३१ इंची चढवले. ते चाकाच्या कमानीत मावेनात म्हणून पाट्यांखाली लांब शॅकल घालून गाडी तीन इंच उचलली. गाडी उंच झाली म्हणून वहिनींना चढता येईना, त्यासाठी पायरी आली. पायरी शोभेना म्हणून लोखंडी बंपर आला. रिकामा बंपर बरा दिसत नाही म्हणून त्यावर विंच आली. या विंचनं आजवर एकदाच काही ओढलंय, ते म्हणजे गल्लीतल्या मांडवाचा खांब, तोही चुकून. टपावर एलईडीची पट्टी, आत बकेट सीट, मागं फटाके सोडणारा सायलेन्सर. आप्पाचं स्वतःचं मशीन शॉप आहे, पंपाच्या पार्टचं जॉबवर्क चालतं. हातात लेथ असलेला माणूस आणि रविवार मोकळा, एवढं जुळून आलं की कुठलीही गाडी कंपनीतून आली तशी राहत नाही.

रंगाचं तेवढं मी वेळेत कानावर घातलं. त्याला जिप्सी लष्करी हिरवी करायची होती. तो रंग फक्त सैन्याच्या गाड्यांना, खासगी गाडीला मनाई आहे, असं सांगितल्यावर तो आठवडाभर "पालकाचा रंग चालंल का, मेथीचा चालंल का" असं विचारत राहिला. शेवटी गाडी पांढरीच राहिली. बावीस वर्षांत माझ्या सल्ल्यानं घडलेली ही एकमेव गोष्ट, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आप्पाचा हिशेब मात्र पक्का. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर जातो, त्यामुळं मीटरवर ८५ किलोमीटर पडतात तेव्हा गाडी १०० चाललेली असते. यावर त्याचं म्हणणं असं, की मीटरप्रमाणं गाडी कमी चालली, म्हणजे धोका कमी, म्हणजे हप्ताही कमी पाहिजे. मी म्हटलं, आपल्याकडं नेहमीच्या पॉलिसीत किलोमीटर विचारतच नाहीत. त्याला फार वाईट वाटलं. एवढा चांगला मुद्दा आणि ऐकून घ्यायला रकाना नाही.

हप्त्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं काही झालं तर. तो कायद्यानं सक्तीचा आणि त्याचा दर सरकार ठरवतं. आप्पाच्या सीसीला २०१९ साली तो ३,२२१ झाला आणि जून २०२२ मध्ये ३,४१६. तिथं घासाघीस चालत नाही हे आप्पाला मान्य नव्हतं. "सरकारला फोन लावा की." मग त्यानं कुठून तरी शोधून काढलं, की दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून सहा हजारांवर आणली तर शंभर रुपये वाचतात. हे खरं आहे. मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या त्या बंपरनं कुणाच्या गाडीला नुसतं विचारलं तरी सहा हजार जातील. वरचे खिशातनं घालणार?" तो बराच वेळ गप्प होता. "शंभर रुपये हो," एवढंच म्हणाला.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. तो गाडीच्या किमतीवर असतो आणि खरी गंमत इथं आहे. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत किंमत तक्त्याप्रमाणं घसरत जाते, पाचव्या वर्षाला निम्मी. त्यानंतर तक्ता संपतो. पुढं कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचं. लग्नाच्या बैठकीसारखंच.

"गाडीची किंमत किती धरू?"

"नऊ लाख."

"आप्पा, दोन लाखांच्या वर कुणी धरायचं नाही."

"दोन लाखाचे नुसते टायर-बंपर हाईत!"

"म्हणजे फेरफार आहेत?"

"न्हाई न्हाई. कंपनीतनं आली तशी हाय."

"मग दोन लाख."

"आवो, पण कोन बी आत्ता रोख नऊ लाख टाकून न्हील."

"बरं, नऊ लाख विचारून बघतो. हप्ता साडेचारपट होईल."

आप्पानं टोपी काढून टेबलावर ठेवली. खिडकीतल्या टायरकडं पाहिलं. पोटच्या पोराबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणून म्हणाला, "तशी जुनीच हाय ती. दीड लाख धरा."

नऊ लाखांवरून दीड लाखावर माणूस तीन मिनिटांत आला. तोच माणूस बाहेर जाऊन, गाडीभोवती जमलेल्या कॉलेजच्या पोरांना ती नऊ लाखांची असल्याचं सांगत होता. मी खिडकीतून ऐकत होतो, म्हणजे टायरच्या वरून जेवढं ऐकू येत होतं तेवढं.

यात तो खोटं बोलतो असं मला कधी वाटलं नाही. त्याच्या लेखी गाड्या दोन होत्या. आणि खरंच दोन होत्या. हे मला नंतर कळलं.

दर वर्षी पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी आप्पा स्वस्त विम्याच्या शोधाला लागायचा. सात-आठ कंपन्यांचे दर एका वहीत लिहायचा. दोनशे रुपयांच्या फरकासाठी पुण्याला, मुंबईला फोन. पोर्टलवरून दर काढायचा तो नातवाच्या मोबाइलवर, स्वतःचा नंबर देत नसे, त्यामुळं त्या सातवीतल्या पोराला दिवसभर विमा घ्या म्हणून फोन यायचे. चोरीविरोधी यंत्र असलं तर अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त पाचशे रुपये, हेही त्यानं हुडकलं. त्यानं गाडीत एक चोरखटका बसवला होता, जो कुठं आहे हे त्यालाही पावसाळ्यात सापडायचं नाही. मी सांगितलं, यंत्र पुण्याच्या एआरएआयनं मान्य केलेलं लागतं. "पोराला चार वर्षांत गाडी चालू करता आलेली न्हाई. त्याची सही आणतो, चालंल का?"

या सगळ्यात तारीख उलटून जायची.

तारीख उलटली की गाडीची तपासणी आली. आता ती मोबाइलवर होते, चारी बाजूंनी व्हिडिओ काढून पाठवायचा. तेव्हा मीच जाऊन फोटो काढायचो. पहिल्या वर्षी त्याच्या दारात गेलो आणि चक्रावलो. समोर एक बुटकी, सालस, पांढरी जिप्सी उभी. टायर मूळ मापाचे. बंपर कंपनीचा. सायलेन्सर असा मुका, की गाडी चालू आहे का बंद, हात लावून बघावं. नंबर तोच, चासीही तीच.

"आप्पा, ही कुठली?"

"कंपनीतनं आली तशी," आप्पा म्हणाला. डोळे तांबडे, नखांत ग्रीस. रात्रभर जागला होता.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा उलगडा झाला. जिप्सीचा काढलेला एकूण एक मूळ भाग आप्पानं माळ्यावर ठेवला होता, पोत्यात गुंडाळून, वर खडूनं नाव घालून. टायर, सीट, बंपर, सायलेन्सर, स्प्रिंगच्या आखूड शॅकल. "दिवाळीला चकलीचा सोऱ्या काढाय गेले तर डोस्क्यात आरसा पडला," वहिनी म्हणाल्या. तपासणीच्या आदल्या रात्री माळ्यावरची गाडी खाली यायची आणि खालची माळ्यावर जायची. दुसऱ्या रात्री उलट. म्हणजे मी वर्षानुवर्षं विमा उतरवत होतो तो माळ्यावरच्या गाडीचा. रस्त्यावर जी धूर काढत फिरत होती, तिचा कागदोपत्री कुणाशी संबंधच नव्हता.

मी हे बघितलं आणि काही बोललो नाही. एजंटाचं कमिशन केवढं असतं हे सांगायला बसलो तर मला लाज वाटेल, पण तेवढ्यासाठीही माणूस चहा पिऊन गप्प बसतो, हे कबूल करायला हरकत नाही.

पुढं एकदा मात्र मी त्याला समोर बसवून सगळं समजावलं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम: आरसी बुकात लिहिलंय त्याहून गाडी वेगळी करायची नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या मंत्रालयाचं पत्र आलं, असले लोखंडी बंपर बंद. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की बनवणाऱ्यानं ठरवलेल्या रचनेपलीकडं जाता येणार नाही. करायचंच असेल तर रीतसर करता येईल असं एक आहे, गॅस किट. आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्या, किटच्या किमतीच्या चार टक्के जादा भरा, विमा मिळतो.

"गॅसवर जिप्सी?" आप्पा उठूनच उभा राहिला. "पैलवानाला भाताच्या पेजंवर ठेवाय सांगताय!"

त्याचा सवाल साधा होता आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आरटीओला सांगावं तर ते काढून टाक म्हणणार. कंपनीला सांगावं तर ती आरटीओचा कागद आण म्हणणार. न सांगावं तर क्लेमच्या दिवशी दोघंही विचारणार, आधी का नाही सांगितलंस. त्याचा पुतण्या इंग्लंडात आहे. तिकडं म्हणे फेरफार केलेल्या गाड्यांचाच विमा देणारे दलाल आहेत. एकेक वस्तू सांगायची, ते लिहून घेतात आणि पॉलिसी देतात. आप्पाला हा स्वर्गच वाटला. मग पुतण्यानं पुढचं सांगितलं. नोकरी काय करता, गाडी रात्री कुठं उभी असते, घरातलं आणखी कोण कोण चालवतं, सगळं विचारतात, आणि हप्ता ऐकून माणूस सायकल घेतो. "रात्री कुठं उभी असते ते त्यांना काय करायचं हाय?" आप्पा म्हणाला. इंग्लंड तिथंच संपलं.

त्याचा खरा जीव होता तो नो क्लेम बोनसवर. पाच वर्षं क्लेम केला नाही की स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट. आप्पाचे पन्नास होते आणि ते तो नातवाचे मार्क सांगावेत तसा सांगायचा. गाडी घासली, दिवा फुटला, काच तडकली, तरी क्लेम नाही. एकदा बारा हजारांचं काम स्वतःच्या पैशानं केलं, दीड हजाराचा बोनस राखण्यासाठी. "पैशाचा प्रश्न न्हाई, इन्शुरन्स. रेकॉर्ड हाय." मला तो इन्शुरन्स अशीच हाक मारतो.

मग ऑगस्ट २०१९ आला.

पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शाहूपुरीत बोटी. आप्पाचं घर व्हीनस कॉर्नरच्या मागं. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या गाड्या आदल्या दिवशीच वरच्या भागात नेऊन लावल्या होत्या. आप्पानं नेली नाही, कारण त्याच्या गाडीला स्नॉर्केल होतं. गाडीच्या नाकातून निघून काचेच्या कडेनं टपापर्यंत जाणारा काळा पाइप. पाण्यातून जाताना इंजिननं वरची हवा घ्यावी म्हणून असतो. चार वर्षं तो पाइप पावसाची वाट बघत होता.

पाणी कमरेला आलं तेव्हा आप्पानं गाडी काढली. गल्ली गच्चीवरून बघत होती. तीनेकशे फूट गाडी अशी गेली, की पोरांनी शिट्ट्या घातल्या. चौकात पाणी छातीला होतं. तिथं तिनं एक उचकी दिली आणि थांबली. आप्पानं पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मागून बचाव पथकाची बोट आली आणि गाडीमालकाला घेऊन गेली. पुढं दोन दिवस पाण्यावर फक्त पाइपचं तोंड आणि एलईडीची पट्टी दिसत होती. ज्या ९ ऑगस्टला फेरफाराला पाच हजार दंड नाहीतर सहा महिने कैद सांगणाऱ्या नव्या मोटार कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, त्या दिवशी आप्पाचे सगळे फेरफार पाण्याखाली होते.

पाणी उतरल्यावर सर्व्हेअर आला. पंचविशीतला, सालस पोरगा, दिवसाला वीस गाड्या बघून थकलेला. त्यानं पाइप वरून खालपर्यंत चाचपला, मग बॉनेट उघडून आत बघितला.

"काका, हा पाइप एअर फिल्टरला कुठं जोडलाय?"

आप्पा गप्प.

"हा बाहेरून नुसता चिकटवलाय."

आप्पानं माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. "जोडायचा म्हंजे बॉडीला भोक पाडाय लागतं," तो हळूच म्हणाला. "जीव झाला न्हाई."

ज्या माणसानं त्या गाडीचा एक नटसुद्धा जागेवर ठेवला नव्हता, त्याला पत्र्याला भोक पाडवलं नव्हतं. सर्व्हेअर पोरगा बघत राहिला. त्याच्या फॉर्मात यासाठी काही नसावं. इंजिनाचं काम नामंजूर झालं, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला जाणं हे मालकाचं कर्म, पुराचं नव्हे. सीट, वायरिंग, साफसफाईचे पैसे मिळाले, रबर आणि प्लॅस्टिकला निम्मी घट धरून, आणि सीटचे दर साध्या सीटचे. बोनस पन्नासवरून शून्यावर आला. आप्पाला पैशाचं काही वाटलं नाही. शून्य ऐकून तो पायरीवर बसला.

माळा कोरडा होता. मूळची सगळी गाडी पोत्यात सुखरूप. उद्यमनगरात इंजिन बांधून घेतलं आणि नाइलाजानं माळ्यावरची जिप्सी कायमची खाली आली. पॉलिसी आणि गाडी यांची पहिल्यांदाच गाठ पडली. मी खुशीत होतो. इतका निर्वेध कागद मी कधी भरला नव्हता. आप्पा मात्र उतरत गेला. चौकात पोरं वळून बघेनात. एकदा सिग्नलला एकानं त्याला "काका, जरा साइड द्या," म्हटलं. २०२१च्या पुरात तो गाडी सगळ्यांच्या आधी वर लावून आला, आणि त्याबद्दल कुणाला काही सांगितलंसुद्धा नाही. २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरली, पाच हजार भरून पुन्हा नोंदणी झाली, आरटीओच्या माणसानं "मेंटेन चांगली केलीय" असं म्हटलं, तरी आप्पा हसला नाही.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजात जुनी धार.

"इन्शुरन्स, घराचा इमा निघतोय न्हवं?"

"निघतो की. भारत गृह रक्षा म्हणून आहे. घराच्या रकमेच्या वीस टक्के सामानाला आपोआप मिळतात, दहा लाखांपर्यंत. वस्तूंची यादीही द्यावी लागत नाही."

"यादी न्हाई?"

"नाही."

"मग माळ्यावरचं सामान बी त्यात आलं?"

"काय आहे माळ्यावर?"

"काय न्हाई, घरगुतीच. चार टायर, एक बंपर, विंच, दोन सीटा."

मी म्हटलं, "आप्पा, गाडी घरसामानात धरत नाहीत."

"गाडी कुठं हाय? गाडी खाली हाय. ह्ये सुट्टं सामान." आणि मग एकदम मऊ आवाजात, "स्वस्त पडंल न्हवं?"

विचार करून सांगतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं तेवढ्यात फोनमधून धाड्‌ धाड्‌ असे तीन बार ऐकू आले आणि मागं कुठंतरी पोरांनी शिट्ट्या घातल्या.

"आप्पा, तुम्ही आहात कुठं?"

"माळ्यावर," आप्पा म्हणाला.